बांधावरचं सागवान आपलंच, मग चोरी कशी? ट्रॅक्टर अडकलाय, जाणकारांनी सांगा

केळीवाला_यावल
मंडळी नमस्कार. एरवी मी केळीच्या भावाच्या धाग्यावर असतो पण आज वेगळीच पंचाईत झालीय म्हणून नवीन धागा काढला.

आमचं शेत यावल तालुक्यात डोंगराच्या बाजूला, जंगलाच्या हद्दीला लागूनच. वडिलांनी 1989 ला सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीतून रोपं आणून बांधावर साग लावला होता, लहानपणी मी स्वतः डबड्याने पाणी टाकलंय त्याला. आता भाचीचं लग्न निघालं, हातात पैसा नाही, केळीचं तर तुम्हाला माहितीच आहे. एक व्यापारी घरी आला, झाडं पाहिली, म्हणे कागदाचं टेन्शन घेऊ नका शेठ, सगळं माझ्याकडे. अकरा झाडं तोडली. मजूर त्याचे, ट्रॅक्टर माझ्या चुलतभावाचा, चालवत मी होतो. रात्री नऊला नाक्यावर गाडी थांबवली, टीपी म्हणजे वाहतुकीचा पास मागितला. व्यापारी मोटरसायकलवर मागून येत होता तो तिथूनच गायब, फोन बंद. माझ्यावर वनगुन्हा दाखल, लाकूड जप्त, ट्रॅक्टर पण जप्त. ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत आणि भावजय आमच्याशी बोलत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. झाड माझ्या बापाने लावलं, सातबारा माझा, मग मी चोर कसा? तिथे एकजण तर मला म्हणाला की हे लाकूड सरकारचं नाही हे तू सिद्ध कर. असं उलटं कुठे असतं का?

गिरणाकाठचा
काय भो, व्यापारी कोठे गया आते? सागवान तुन्हंच शे रे भाऊ, पन कागद कोठे शे?

वकील_धुळे
उलटं असतं, आणि ते कायद्यातच लिहिलंय. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 69. वनोपज (लाकूड, मोहफुलं असा माल) सरकारच्या मालकीची आहे की नाही असा प्रश्न कारवाईत निघाला तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच आहे असं गृहीत धरायचं. म्हणजे साध्या चोरीच्या केसमध्ये फिर्यादीला दाखवावं लागतं की वस्तू माझी होती, इथे तुम्हाला दाखवावं लागतं की माझी आहे. तुम्हाला नाक्यावर जो कोणी हे बोलला तो कायद्याने बरोबर बोलला, बोलायची पद्धत कशी होती ते सोडा.

आता तुमची गल्लत कुठे होतेय ते बघा. मालकी एक गोष्ट, तोडायची परवानगी दुसरी, आणि वाहतुकीचा पास तिसरी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे तुमच्या जमिनीतली झाडं तुमचीच. पण महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम 1964 आहे, त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, अंजन, जांभूळ वगैरे झाडं आहेत, ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तिसरं म्हणजे वन अधिनियमाच्या कलम 41 खाली वाहतुकीचे नियम, आपल्याकडे महाराष्ट्र वन नियमावली 2014. माल रस्त्यावर आला की पास हवा. तुमच्याकडे तिघांपैकी पहिलीच गोष्ट आहे आणि ती पण सिद्ध करायची बाकी.

केळीवाला_यावल
म्हणजे आंब्याचं झाड तोडायला पण परवानगी?? आमच्याकडे मागच्या वर्षी वीटभट्टीवाल्याने अख्खी आमराई नेली कोणी विचारलं नाही.

वकील_धुळे
कोणी विचारलं नाही म्हणून परवानगी लागत नव्हती असं नाही ना. 1964 च्या मूळ कायद्यात दंड हजार रुपयांपर्यंत, त्यामुळे त्या कायद्याला कोणी फारसं घाबरलं नाही. लोकांना घाम फुटतो तो वन अधिनियमाच्या जप्तीने.

माजी_वनपाल
मी खात्यात तेहतीस वर्षं काढली, वनरक्षक म्हणून लागलो वनपाल म्हणून रिटायर झालो, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो, शिव्या द्यायच्या तर द्या.

रात्री नऊला ट्रॅक्टर येतो, वर ताजं गोल लाकूड, सालीतून अजून पाणी झिरपतंय, खात्याच्या हातोड्याचा शिक्का नाही, पास नाही, शेत हद्दीला लागून. समोरचा म्हणतो बापाने लावलं. पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो हो. मी केळीच्या गाडीत खालच्या थराला सागाच्या चौकोनी तासलेल्या तुळ्या पकडल्यात, कडब्याच्या गंजीत पकडल्यात, एकदा तर वऱ्हाडाच्या टेम्पोत गाद्यांखाली. जंगलातला साग आणि बांधावरचा साग, तोडल्यावर दोघांना एकच वास येतो. म्हणून तर ही सगळी हातोड्याची भानगड आहे. रीतसर परवानगी घेतली की आमचा माणूस शेतात येतो, हद्द बघतो, उभ्या झाडाला नंबर पडतो, बुंध्याला शिक्का पडतो, तोडल्यावर मालाची यादी होते, परत शिक्का, मग पास. थुटावरचा (तोडल्यावर जमिनीत उरतो त्या बुंध्यावरचा) शिक्का आणि लाकडावरचा शिक्का जुळला की नाक्यावर कोणाची हिंमत नाही थांबवायची. शिक्का खोटा मारला किंवा खोडला तर वन अधिनियमाचं कलम 63 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

आता भाऊ सगळ्यात महत्त्वाचं ऐका. शेतातली थुटं उपटू नका. जेसीबी लावू नका, बांध सपाट करू नका, जाळू नका. तुमच्याकडे शिक्का नाही म्हणजे आता तीच थुटं तुमचे साक्षीदार. जप्त मालाचा बुंध्याकडचा घेर आणि थुटाचा घेर मोजून जुळवता येतो, साल, कापाचा कोन, गाभ्याची पोकळी सगळं जुळतं. अर्ज करा की माझ्या शेतातली थुटं पंचांसमोर मोजा आणि जप्त मालाशी ताडून पहा. लेखी द्या, पोच घ्या.

केळीवाला_यावल
काका तुमचे पाय धरतो, बांध सपाट करायला उद्या जेसीबी सांगितला होता 😐 आत्ता फोन करून कॅन्सल केला.

तापी_एक्सप्रेस
हे सगळं गरिबाला. मोठे मासे बघा. आमच्याकडून रात्रीतून माल मध्य प्रदेशात जातो, बऱ्हाणपूर साईडला, आणि तिकडून इकडे पण येतो. दोन राज्यांच्या मध्ये नदीनाले, इकडचा पाठलाग करणारा तिकडे गेला की पाहुणा. आता करवतीने कापतात, कुऱ्हाडीचा आवाज तीन शिवारं ओलांडून जातो म्हणून. मग थुटावर माती पालापाचोळा. पकडला जातो तो कोण तर रोजावर खांद्याने ओंडका वाहणारा पोरगा. वखारवाला कधी आत गेलेला ऐकलाय का कोणी? 1927 चा इंग्रजांचा कायदा, त्यांना रेल्वेचे स्लीपर पाहिजे होते म्हणून जंगल सरकारी केलं, आणि आपण तोच चालवतोय.

माजी_वनपाल
इंग्रजांचं खरं आहे. 1927 चा कायदा म्हणजे 1878 च्याच कायद्याची सुधारून लिहिलेली आवृत्ती. अजून त्यात कलम 68 वाचा, गुन्हा आपसात मिटवायचा अधिकार ज्या रेंजरला द्यायचा त्याचा पगार महिना किमान शंभर रुपये हवा असं लिहिलंय, आणि तडजोडीची रक्कम पन्नास रुपयांच्या वर नको. राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या म्हणून चालतंय. जप्तीच्या कलम 52 मध्ये हत्यारं, होड्या, गाड्या आणि गुरं, गुरं म्हणजे बैलगाडीचे बैल हो. मी नोकरीला लागलो तेव्हा बैल जप्त करून आणले तर चारा कोणी घालायचा यावरून आमच्यातच भांडणं व्हायची.

पण वखारींना कोणी हात लावला नाही हे पटत नाही. 12 डिसेंबर 1996 चा सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन केसमधला आदेश आला तेव्हा कितीतरी आरागिरण्या बंद पडलेल्या मी पाहिल्यात. आजही विनापरवाना सॉ मिल चालवता येत नाही, आलेल्या गोल मालाची नोंद ठेवावी लागते. नोंदवही खरी असते का हा वेगळा विषय.

सुतार_अमळनेर
त्या वेगळ्या विषयावर मी बोलतो. माझं दुकान आहे, तिसरी पिढी. गिऱ्हाईक येतं, सागाची चौकट पाहिजे आणि भाव बाभळीचा पाहिजे. मग रात्री दार वाजतं, मोटरसायकलवर दोन फळ्या बांधलेल्या, अर्ध्या भावात. वडिलांनी एकदाच घेतल्या. धाड पडली, दोन फळ्यांसाठी अख्ख्या दुकानातल्या लाकडाची बिलं मागितली, जुन्या वाड्याचं मोडलेलं सागवान होतं पूर्वजांच्या वेळचं त्याचं बिल कुठून आणणार. ते पण ढिगात गेलं. तेव्हापासून घरात नियम आहे, वनखात्याच्या डेपोच्या लिलावाचा माल किंवा बिलावाला माल, आणि जुना वाडा मोडला तर मालकाकडून लिहून घ्यायचं की कुठल्या घराचं किती लाकूड, फोटो काढायचा मोडायच्या आधी. लोकं हसतात, म्हणतात खिडकीचा काय पंचनामा करतो का. करतो.

सौ_चोपडा
माझा जरा वेगळा मुद्दा. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याला. तिथल्या बाया सकाळी सरपणाला जातात, वाळलेल्या काटक्या, डोक्यावर एक मोळी. उन्हाळ्यात मोहफुलं, चारोळी, टेमरूची म्हणजे तेंदूची पानं, धावड्याचा डिंक. लहानपणी आम्हाला सांगायचे गार्ड दिसला की मोळी टाकून पळायचं, विळा मात्र टाकायचा नाही कारण विळा पैशाचा. ती पण चोरीच धरायची का? माझ्या मामीने एकदा विळा वाचवला आणि पाय मोडून घेतला.

वकील_धुळे
ताई चांगला मुद्दा काढला, इथे कायदाच बदललाय आणि पुष्कळांना माहीत नाही. 1927 च्या कायद्यात वनोपजची व्याख्या मोठी आहे. लाकूड, कोळसा, काथ, राळ, साल, लाख, मोहाची फुलं, मोहाच्या बिया, हिरडा, हे सगळं जंगलात सापडो की जंगलाबाहेर, वनोपजच. म्हणजे अंगणातल्या मोहाची टोपली पण. बाकी पानं, फळं, गवत, मध वगैरे जंगलातून आणलं तर वनोपज. राखीव जंगलात कलम 26 प्रमाणे साधं शिरून चारणं, तोडणं, गोळा करणं गुन्हा, मूळ शिक्षा सहा महिने किंवा 500 रुपये, महाराष्ट्राने वाढवली तरी आजच्या सागाच्या भावापुढे दंडाचा आकडा हसण्यावारीच.

पण वन हक्क कायदा 2006 आला. कलम 3(1)(ग) मध्ये गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकी हक्क दिलाय, नुसती सवलत नाही. बांबू, डिंक, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंदमुळं, झुडपी काटक्या, थुटं सुद्धा त्यात. 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतूक पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने त्याच्याही आधी, 2011 ला, बांबूच्या पासाचा अधिकार मिळवला तो वन हक्क कायद्याच्याच जोरावर. पण लक्षात ठेवा, यात इमारती लाकूड नाही. वन हक्काचा पट्टा मिळाला म्हणजे त्यातला साग विकायला मोकळे, असं समजून दोनचार जण माझ्याकडे आलेत गुन्हा घेऊन.

अक्राणीकर
मी धडगाव भागातला. वकील साहेब कागदावर बोलले ते बरोबर, जमिनीवरचं मी सांगतो. मोलगीच्या बाजारात आमचूर आणि मोह येतो, तो आणणाऱ्याला अजूनही गाडी थांबली की पोटात गोळा येतो. सामूहिक हक्काचं पत्र गावाला मिळालंय ते सरपंचाच्या पेटीत, जंगलात जाणाऱ्या बाईच्या कमरेला नाही. आता आम्ही त्याच्या झेरॉक्स काढून प्लॅस्टिकमध्ये घालून वाटल्या, तेव्हापासून बराच फरक पडला.

आणि केळीवाले भाऊ, तुम्हाला वाटतं तुमच्यावरच अन्याय. आमच्या खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी आम्ही व्यापाऱ्याला सरळ विकूच शकत नाही. 1969 चा वेगळा कायदा आहे, अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीचा. अर्ज करायचा, वनखात्यामार्फत तोड आणि विक्री होणार, मग पैसे. व्यापारी पूर्वी दारूच्या बाटलीवर आणि दोनपाचशे रुपयांवर अख्खा माळ साफ करायचे म्हणून तो कायदा आला, हेतू चांगलाच होता. पण लग्न मे महिन्यात असतं आणि पैसे कधी येतात ते विचारू नका. मग तोच व्यापारी मागच्या दाराने येतो आणि आता भाव आणखी पाडून मागतो, कारण आता त्याच्याकडे धोक्याचं कारण आहे.

डिंकाचं पण सांगतो. पूर्वी आमचे लोक सालईला आणि धावड्याला मोजक्या खाचा मारायचे. आता बाहेरचे ठेकेदार येऊन औषध टोचतात, डिंक धो धो निघतो आणि काही वर्षांत झाड वाळतं. तोडलं नाही म्हणून कोणाच्या डोळ्यावर येत नाही. माझ्या मते ही सर्वात मोठी चोरी आहे आणि यात करवतीचा आवाज पण नाही.

गिरणाकाठचा
जळगावात आमच्या कॉलनीत बंगल्याच्या कंपाऊंडमधून चंदन नेलं. मालकाला सकाळी दूधवाल्याने सांगितलं. कुत्रं सुद्धा भुंकलं नाही. मालक तक्रार द्यायला घाबरत होता, त्याला वाटलं झाड लावलं म्हणून मलाच धरतील 😂

वकील_धुळे
लावायला काही हरकत नाही, तोडायलाच परवानगी लागते. आणि चोरी झाली तर तक्रार द्यायलाच हवी, नाहीतर उद्या तोच बुंधा कुठे सापडला तर तुमच्याकडे सांगायला काय? कंपाऊंडमधून नेलं तर ती साधी चोरी पण आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं 379, आता भारतीय न्याय संहितेचं 303. वनखात्याची हेल्पलाइन पण आहे, 1926.

तापी_एक्सप्रेस
कायदा 1927 चा आणि नंबर 1926, म्हणजे नंबर कायद्याच्या एक वर्ष आधीचा 😄

केळीवाला_यावल
ट्रॅक्टरचं सांगा ना कोणीतरी. चुलतभाऊ म्हणतो कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (केस संपेपर्यंत तात्पुरता ताबा) सोडवू, त्याचा एक ओळखीचा म्हणतो आठ दिवसांचं काम आहे.

वकील_धुळे
त्या ओळखीच्याला पैसे देऊ नका आधी. महाराष्ट्राने वन अधिनियमात 61-ए ते 61-जी अशी कलमं घातली आहेत. त्यात अधिकृत केलेला वनअधिकारीच वाहन सरकारजमा करायचा आदेश देऊ शकतो, फौजदारी केसचा निकाल लागायची वाट न बघता. आणि ती कारवाई सुरू झाली की 61-जी मुळे बाकी कोर्टाचे हात बांधले जातात, म्हणून लोक आधी मॅजिस्ट्रेटकडे धावतात आणि रिकाम्या हाताने येतात. तुम्हाला आधी नोटीस येईल, तिला लेखी उत्तर द्या. आदेश विरुद्ध गेला तर अपील सत्र न्यायाधीशांकडे, मुदत चुकवू नका.

वाहनमालकाला वाचायचा रस्ता 61-बी मध्ये आहे. त्याने दाखवायचं की वाहन त्याच्या माहितीशिवाय वापरलं, आणि नुसतं त्याच्या नाही तर वाहन ज्याच्या ताब्यात होतं त्याच्याही, आणि वाजवी ती सगळी काळजी घेतली होती. इथे तुमची अडचण आहे. ताबा तुमचाच होता आणि तुम्हाला तर लाकूड काय आहे हे माहीत होतं. भावाने मला माहीत नव्हतं एवढं म्हणून भागणार नाही.

म्हणून तुमची खरी लढाई मालकीची. 61-ए ची जप्ती सरकारच्या मालकीच्या मालाबद्दल आहे. लाकूड खाजगी आहे हे दाखवता आलं तर त्या जप्तीचा पायाच हलतो, मग उरतं ते विनापरवाना तोड आणि विनापास वाहतूक, त्याचा दंड भरा. फिरून काकांच्या थुटावरच आलो बघा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का?

केळीवाला_यावल
सातबाऱ्यावर काहीच नाही. तलाठ्याने कधी लिहिलंच नाही, आम्ही पण कधी सांगितलं नाही. नर्सरीची पावती असेल कुठेतरी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, ते 2011 ला गेले.

माजी_वनपाल
पेटी शोधा. आणि जबाब झाला का? वनअधिकाऱ्याला कलम 72 प्रमाणे साक्षीपुरावा नोंदवता येतो आणि तो आरोपीसमोर नोंदवला असेल तर पुढे कोर्टात चालतो. पोलिसांसमोरच्या कबुलीसारखं नंतर झटकता येईल असं समजू नका. वाचल्याशिवाय सही नाही, व्यापाऱ्याचं वर्णन, गाडीचा रंग, कोणत्या दिवशी आला, किती विसार दिला सगळं त्यात आलं पाहिजे.

मोजणी करून हद्द पण दाखवून घ्या. जंगलाला लागून शेत म्हटल्यावर पहिला संशय हाच येतो की झाड हद्दीच्या कोणत्या बाजूचं.

सुतार_अमळनेर
विसार किती दिला होता हो त्याने?

केळीवाला_यावल
सात हजार. ते पण ट्रॅक्टरच्या डिझेलला आणि मजुरांच्या भत्त्याला गेले.

(दहा दिवसांनी)

केळीवाला_यावल
अपडेट देतो. पेटीत पावती सापडली, वाळवीने एक कोपरा खाल्लाय पण तारीख आणि साग रोपे 40 हे वाचता येतंय, वडिलांची सही पण आहे. आई ती हातात घेऊन बराच वेळ बसली होती. हद्दीची मोजणी झाली, बांध आमच्याच बाजूला निघाला, उरलेली उभी झाडं पण वनखात्याच्या साहेबांनी बघितली, एका ओळीत सारख्या अंतरावर, जंगलात असं उगवत नाही हे ते स्वतःच म्हणाले. मग पंचांसमोर थुटं मोजली, डेपोत जाऊन ओंडक्यांचे बुंधे मोजले. मी अर्ज दिला होता तसाच लिहून, काका तुमच्या शब्दांत.

अकरापैकी नऊ जुळली. दोन थुटं आमच्या सालदाराने झाडं तोडली त्याच आठवड्यात पेटवून दिली होती, बिचाऱ्याला वाटलं पेरणीला आडवी येतात. साहेब म्हणतात नवाचं ठीक आहे पण या दोन ओंडक्यांचं काय, हे कुठून आले? पुढची तारीख पंधरा दिवसांनी. ट्रॅक्टर डेपोतच आहे, मागचं टायर बसलंय.

माजी_वनपाल
जळालेल्या जागा दाखवल्या का त्यांना? राख काढा आणि हाताने खोदा, कुदळ जपून. वरचं थूट जळालं तरी साग सहजासहजी मरत नाही, आत बुडखा शिल्लक असतो, त्याचा पण घेर मिळतो. नाहीच मिळाला तर मृगाचा पाऊस पडेपर्यंत तारीख वाढवून घ्या, फुटवा येईल. ओळीतलं अंतर आणि फुटवा दोन्ही दिसेल असा फोटो काढा.

केळीवाला_यावल
आज संध्याकाळीच सालदाराला घेऊन जातो. तोच म्हणतोय मी खोदतो.